लगीनसराईतले रॉ फोटो : वेळ कुठे वाचवायचा, कुठे नाही

तुळशीची लग्नं लागली की फोटोग्राफरच्या हार्ड डिस्क भरायला लागतात. दोन कॅमेरे असले आणि हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन असा दोन दिवसांचा कार्यक्रम असला, तर दोन-अडीच हजार रॉ फ्रेम सहज होतात. तिसऱ्या दिवशी मुलीच्या भावाचा फोन येतो, "दादा, थोडे तरी फोटो पाठवा ना, सगळे विचारतायत." तोवर तुमची पुढच्या लग्नाची बॅग भरून झालेली असते. या कोंडीतून सुटायला बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. काही जण रॉ सोडून सरळ जेपेग काढतात. काही जण प्रत्येक फोटोवर एआय डीनॉइज लावत बसतात आणि डिलिव्हरी महिना-दीड महिना लांबते. पहिल्या वाटेने मंडपातल्या अवघड उजेडात हातात काही उरत नाही, दुसऱ्या वाटेने गिऱ्हाईक हातात राहत नाही.

माझं मत असं की दर्जा आणि वेग यांचा निकाल सगळ्या फोटोंसाठी मिळून एकदाच लावता येत नाही. तो प्रत्येक टप्प्यावर वेगळा लावावा लागतो. त्यासाठी रॉ फाइल उघडताना आत काय घडतं हे थोडं समजून घ्यायला हवं.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत, त्याला फक्त उजेड मोजता येतो. रंग कळावेत म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. निम्म्या पिक्सेलवर हिरवी, पाव पिक्सेलवर लाल आणि पाव पिक्सेलवर निळी, अशी ही रचना कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी शोधली. तिचं पेटंट त्यांना १९७६ साली मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे त्याच रचनेवर चालतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात २ कोटी ४० लाख ठिकाणी प्रत्येकी एकच रंग मोजला जातो. पूर्ण फोटोला मात्र प्रत्येक ठिकाणी तिन्ही रंगांचे आकडे लागतात, एकूण ७ कोटी २० लाख. त्यातले दोन तृतीयांश आकडे सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतं. याला डीमोझेइकिंग म्हणतात. वेग आणि दर्जा यांची ओढाताण इथूनच सुरू होते, कारण अंदाज जितका विचारपूर्वक, तितका वेळ जास्त.

डार्कटेबल किंवा रॉथेरपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत तुम्हाला स्वतः निवडता येते. पीपीजी झटपट काम उरकते. अमेझ बारीक तपशील उत्तम काढते, पण जास्त वेळ घेते. आरसीडी दर्जात अमेझच्या जवळपास पोचते आणि तिच्याहून वेगवान आहे, म्हणून डार्कटेबलने तीच आपोआप लागेल अशी ठेवली आहे. एलएमएमएसई ही जास्त आयएसओच्या, दाणेदार फोटोंसाठी बरी. फुजीच्या एक्स-ट्रान्स सेन्सरवर गाळण्यांची मांडणी ६ बाय ६ च्या चौकटीत असते, त्यामुळे तिथे मार्केस्टाइनची एक फेरीची आणि तीन फेऱ्यांची अशा दोन पद्धती मिळतात. तीन फेऱ्यांचा फायदा कमी आयएसओच्या फोटोंतच दिसतो. रिसेप्शनच्या आयएसओ ६४०० वर एक फेरी पुरते, वरच्या दोन फेऱ्यांचा वेळ वाया जातो. लाइटरूममध्ये हा पर्याय समोर ठेवलेला नसतो, सॉफ्टवेअर आपलं आपण ठरवतं.

हा फरक डोळ्यांना दिसतो तरी कुठे? नवरीच्या शालूवर. पैठणीच्या जरीकाठाचा जवळून काढलेला फोटो शंभर टक्के झूम करून बघा. जरीचे धागे सेन्सरच्या पिक्सेलइतके बारीक झाले की अंदाज चुकतो आणि सोनेरी काठावर निळसर-तांबूस पट्टे, खोट्या रंगांचे ठिपके उमटतात. मुंडावळ्यांच्या मण्यांवर, नवऱ्या मुलाच्या शेल्याच्या विणीवर, मंडपाच्या जाळीवरही असंच होतं. अशा फोटोला चांगली, संथ पद्धत द्यावी आणि तरीही पट्टे राहिले तर मॉइरे काढण्याचा ब्रश तेवढ्याच भागावर फिरवावा. पण मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकणाऱ्या गर्दीच्या फोटोत पीपीजी वापरली काय आणि अमेझ वापरली काय, अल्बमच्या पानावर कुणालाही फरक ओळखता येणार नाही.

आता घड्याळाकडे वळू. आपला वेळ नेमका कुठे जातो हे मोजलं तर बहुतेकांना धक्का बसेल. तो एडिटिंगपेक्षा वाट बघण्यात जास्त जातो. २४०० फोटो निवडायचे आहेत आणि प्रत्येक फोटो स्पष्ट व्हायला ३ सेकंद लागतात असं धरा. ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास नुसतं स्क्रीनवरच्या धूसर चित्राकडे बघण्यात गेले. त्यात एकही फोटो सुधारलेला नाही.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपेग असतो. निवड करताना तोच बघा, रॉ उलगडायला लावू नका. फोटो मेकॅनिकसारखी सॉफ्टवेअर हेच करतात, म्हणून त्यात बाण दाबला की पुढचा फोटो लगेच येतो. लाइटरूम क्लासिकमध्येही इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूच्या जागी 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडता येतं. दोन गोष्टींचं भान मात्र ठेवा. सोनीच्या बऱ्याच जुन्या बॉडींमध्ये हा आतला जेपेग जेमतेम १६१६ बाय १०८० पिक्सेलचा असतो. त्यावरून डोळ्यांवर फोकस बसलाय की पापणीवर, ते कळत नाही. अशा कॅमेऱ्यावर रॉसोबत जेपेगही काढून ठेवलेला बरा. दुसरं म्हणजे जेपेगमध्ये जळालेला दिसणारा पांढरा सदरा रॉमध्ये बऱ्याचदा शाबूत असतो. त्यामुळे या टप्प्यावर डोळे मिटलेले, हललेले आणि फोकस चुकलेले फोटो बाजूला काढा, उजेड जास्त आहे म्हणून काही टाकू नका.

निवड एका बैठकीत उरकावी आणि हात आखडता ठेवावा. अल्बममध्ये साधारण दीडशे-दोनशे फोटो जाणार असतात. गिऱ्हाइकाला सिलेक्शनसाठी पाचशे-सहाशे दिले तरी ते तक्रार करत नाहीत. उलट हार घालतानाचे सतरा सारखे फोटो दिले की घरातले सगळे गोंधळतात आणि सिलेक्शन महिनाभर अडकतं. इथे गाळलेला प्रत्येक फोटो पुढच्या सगळ्या टप्प्यांवर वेळ वाचवतो. वेग वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

एडिटिंगला बसताना फोटो उजेडाप्रमाणे गटांत लावून घ्या : अंगणातली सकाळची हळद, हॉलमधलं अंतरपाटाचं दृश्य, स्टेजवरचे जांभळे एलईडी दिवे. प्रत्येक गटातला एक फोटो नीट बसवायचा, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर, त्वचेचा रंग सगळं मनासारखं करायचं, आणि तो बाकीच्यांवर सिंक करायचा. स्लायडर ओढल्यावर चित्र अडखळत बदलत असेल तर स्मार्ट प्रीव्ह्यू बनवून घ्या. २०१३ साली लाइटरूम ५ मध्ये आलेली ही सोय अडीच हजार पिक्सेलच्या आसपास लांबीची हलकी डीएनजी बनवते. मूळ फाइलऐवजी तिच्यावर काम करण्याचा पर्याय परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये मिळतो. रंग आणि उजेड ठरवायला हे पुरेसं आहे. शार्पनिंग आणि नॉइज मात्र स्मार्ट प्रीव्ह्यूवर बघून ठरवू नका, तिथे दाणे आधीच दबलेले असतात. एक्स्पोर्टच्या वेळी मूळ डिस्क जोडलेली असली की सॉफ्टवेअर मूळ रॉ वापरतं, त्यामुळे अंतिम दर्जात काही कमी होत नाही.

परफॉर्मन्सच्याच सेटिंगमध्ये कॅमेरा रॉ कॅशेचा आकार वाढवून २० जीबी किंवा त्याहून जास्त करा आणि कॅशे एसएसडीवर ठेवा. डाग काढणं आणि लेन्सची दुरुस्ती आधी, मग संपूर्ण फोटोचे रंग, मग मास्क, आणि नॉइज-शार्पनिंग सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला तर मशीन कमी दमतं. अडोबीनेही हाच क्रम सुचवलेला आहे. शार्पनिंग आधी लावून ठेवलं तर पुढच्या प्रत्येक हालचालीला ते पुन्हा मोजावं लागतं. एआय मास्क शेकडो फोटोंवर सिंक करणं हा तर मशीन अडकवण्याचा हमखास मार्ग आहे. ते मास्क निवडक फोटोंपुरतेच ठेवावेत.

आता नॉइज. सध्या सगळ्यात जास्त वेळ हाच विषय खातो. लाइटरूममध्ये एआय डीनॉइज २०२३ च्या एप्रिलमध्ये आलं. डीएक्सओचं डीपप्राइम त्याच्याही आधीपासून आहे. दोन्ही साधनं अप्रतिम आहेत, हे मान्यच. डीमोझेइकिंग आणि नॉइज काढणं ती एकत्रच करतात, म्हणून जुन्या स्लायडरला जे जमलं नाही ते त्यांना जमतं. पण हिशेब बघा. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनवर एका फोटोला २० सेकंद लागत असतील, तर ६०० फोटोंना ३ तास २० मिनिटं. साध्या लॅपटॉपवर तेच काम फोटोमागे २ मिनिटं घेत असेल, तर २० तास. लाइटरूमच्या आधीच्या आवृत्त्यांत प्रत्येक फोटोची वेगळी, जाडजूड डीएनजी तयार होते, ती डिस्क भरते ते वेगळंच.

आणि बऱ्याच फोटोंना याची गरजच नसते. १२ बाय ३६ च्या अल्बम स्प्रेडवर ६ बाय ९ इंचांत बसणारा फोटो ३०० डीपीआयने १८०० बाय २७०० पिक्सेलचा, म्हणजे ५ मेगापिक्सेलहून जरा कमी होतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो एवढा लहान केला की साधारण पाच पिक्सेलची सरासरी एका पिक्सेलमध्ये येते आणि दाणे आपोआप निम्म्याहून कमी होतात. शंभर टक्के झूमवर भयंकर दिसणारा आयएसओ ३२०० चा फोटो त्या आकारात स्वच्छ दिसतो. त्याला लाइटरूमचा साधा ल्युमिनन्स स्लायडर २० च्या आसपास आणि रंगाच्या नॉइजचा नेहमीचा २५ एवढं पुरे. संथ डीनॉइज राखून ठेवा कव्हरच्या फोटोसाठी, पूर्ण स्प्रेडवर पसरणाऱ्या फोटोसाठी, भिंतीवर लावायच्या फ्रेमसाठी, आणि ज्या फोटोत सावल्या खूप उचलाव्या लागल्या त्यांच्यासाठी.

आयएसओच्या आकड्यावरूनच निर्णय घ्यायचा असंही नाही. संध्याकाळची हळद पिवळ्या बल्बांच्या माळांखाली लागते. तो उजेड आधीच निळ्या रंगाला पारखा, त्यात अंगावर हळद. सेन्सरच्या निळ्या पिक्सेलपर्यंत फार थोडा उजेड पोचतो. नंतर व्हाइट बॅलन्स थंड करताना आपण तोच कमजोर निळा वाढवतो आणि त्याबरोबर त्यातले दाणेही वाढतात. त्यामुळे आयएसओ १६०० ची हळद कधीकधी आयएसओ ६४०० च्या रिसेप्शनपेक्षा जास्त खराब दिसते. अशा फोटोंत उजेड पूर्ण पांढरा करायचा हट्ट सोडावा. थोडी ऊब राहू द्यावी, पिवळ्याचं सॅच्युरेशन जरा उतरवावं म्हणजे गालावरच्या हळदीचा पोत दिसतो. नुसत्या या निर्णयाने अर्ध्या फोटोंचं डीनॉइज वाचतं आणि फोटो हळदीचाच वाटतो.

तिसऱ्या दिवशी फोन करणाऱ्या भावाला काय द्यायचं? त्याच्यासाठी तीस-चाळीस फोटो वेगळे काढा आणि २००० पिक्सेल लांबीचे जेपेग बनवून द्या. ते मोबाइलवर बघितले जाणार आहेत आणि व्हॉट्सॲप ते आणखी दाबणार आहे. इथे सगळ्यात वेगवान पद्धत वापरायला जराही संकोच करू नका. डीसीरॉसारख्या प्रोग्राममध्ये तर अर्ध्या आकाराचा फोटो काढायची सोय आहे. शेजारचे चार पिक्सेल मिळून एक बनतो, त्यात तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजलेले असतात, अंदाज बांधावाच लागत नाही. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून ३००० बाय २००० चा फोटो मिळतो आणि तो ४ बाय ६ च्या प्रिंटलाही पुरून उरतो. डार्कटेबलमध्ये एक्स्पोर्ट करताना हाय क्वालिटी रिसॅम्पलिंग बंद ठेवलं की फोटो आधी लहान होतो आणि मग प्रक्रिया होते, त्यामुळे काम भराभर उरकतं. अल्बमच्या फाइल काढताना ते पुन्हा चालू करायला विसरू नका.

लॅबला द्यायच्या जेपेगची क्वालिटी १०० ठेवण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. ९० वर ठेवा. फाइल बरीच लहान होते, अपलोड लवकर होतो आणि छापील पानावर फरक दिसत नाही. ज्या फोटोवर फोटोशॉपमध्ये अजून काम करायचं आहे तो तेवढा १६ बिट टिफ काढा. २४ मेगापिक्सेलचा असा टिफ दीडशे एमबीच्या घरात जातो, म्हणून सगळ्यांना ही पंगत मांडू नये.

यंत्रांबद्दल थोडंच सांगतो. नवीन लॅपटॉप घेण्याआधी कार्ड रीडर बदला. ७० जीबीचा डेटा जुन्या यूएसबी २ च्या रीडरने उतरवायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. यूएसबी ३ चा रीडर आणि बऱ्यापैकी कार्ड असेल तर तेच काम पंधरा मिनिटांच्या आत होतं. चालू काम एसएसडीवर आणि संपलेलं काम साध्या हार्ड डिस्कवर, एवढी विभागणी पुरते. मेच्या लग्नांत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात, लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. त्याचे पंखे साफ करून घ्या, तो गादीवर ठेवू नका, आणि एक्स्पोर्टची मोठी रांग रात्रीच्या गारव्यात, चार्जर लावून चालवा.

काही ठिकाणी मात्र वेगाचा विचार मनातही आणू नये. रॉवरची सगळी प्रक्रिया पुन्हा करता येते, पुढच्या वर्षी चांगलं सॉफ्टवेअर आलं तरी त्याच फाइलवर करता येते. पण जे सेन्सरने टिपलंच नाही किंवा जे कार्डावरून पुसलं गेलं ते परत येत नाही. म्हणून दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नये, कितीही घाई असली तरी. कॅमेऱ्यात लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ असेल तर तोच वापरावा, जागा वाचते आणि माहिती एक कणही जात नाही. १४ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या मिळतात, १२ बिटमध्ये ४,०९६. दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कपड्यांवर ऊन पडलेलं असताना १४ बिट ठेवा. रिसेप्शनच्या आयएसओ ६४०० वर तो फरक दाण्यांत बुडून जातो, तिथे १२ बिट चालतं. आणि प्रत्येक उजेड बदलला की एक फ्रेम ग्रे कार्डाची घ्यावी. ते दहा सेकंद त्या संपूर्ण गटाच्या रंगांचा प्रश्न मिटवतात.

माझ्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः पडताळा. तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या लग्नातून तीन फोटो काढा : उन्हातली हळद, स्टेजवरचा जास्त आयएसओचा एक, आणि जरीकाठाचा जवळून घेतलेला एक. प्रत्येकावर वेगवान आणि संथ अशा दोन्ही पद्धती वापरा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून वेळ लिहून ठेवा. मग दोन्हींच्या प्रिंट अल्बममध्ये ज्या आकारात जातील त्याच आकारात लॅबमधून काढून आणा आणि मागे खुणा करून घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. फोटोग्राफर नसलेल्या माणसाच्या. त्याला जिथे फरक कळेल तिथे वेळ खर्च करा, जिथे कळणार नाही तिथे वाचवा. सहा प्रिंटचा खर्च किरकोळ आहे. पुढची लग्नतिथी लागायच्या आत हे करून घ्या आणि आलेले आकडे कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवून ठेवा.